भात्यावरचा हात

भागोजी दोन्ही हातांनी पेटी वाजवायचा, कारण भाता मारायला मागे हमीद बसलेला असायचा. राजापूरपासून आंजर्ल्यापर्यंत जिथं म्हणून त्यांच्या नाटक मंडळीचा पडदा वर गेला, तिथं ही जोडी अशीच बसली. जुनी पेटी फुसफुसायला लागली, तेव्हा नवी पसंत करायला भागोजी हमीदलाच रत्नागिरीच्या बाजारात घेऊन गेला.

"तू डोळे मिटून नुसता ऐक," तो म्हणाला. "पॉलिश बघितलंस की भुलतोस."

"नि भाता?"

"दुकानातला माणूस मारील."

पहिली पेटी हमीदला नाकात बोलणारी वाटली. दुसरी खर्जात घोगरी. तिसरी सुरू झाली आणि तो ऐकतच राहिला.

"हीच घे," तो म्हणाला. "आणि भाता कोण मारतोय त्याला शाबासकी दे. मला इतक्या वर्षांत असा सारखा दम जमला नाही."

त्यानं डोळे उघडले. दुकानातला माणूस दारात उभा राहून पान खात होता. भागोजी एका उंच पेटीपुढे स्टुलावर एकटाच बसला होता. हिचा भाता खाली होता, पायांनी दाबायचा. आणि भागोजीचे पाय त्यानं खाली न बघताच एकाआड एक पडत होते.

"आजच बसलास हिच्यावर?" हमीदनं विचारलं.

भागोजीची बोटं थांबली. पाय मात्र सवयीनं चालतच राहिले.