दहा माणसं

दारावरचा विलगीकरणाचा कागद काढायला नगरसेवक स्वतः आला. खरं तर ते काम पालिकेच्या शिपायाचं. पण सकाळी यादीत हे घर दिसलं तेव्हा तो शिपायाला म्हणाला, हे राहू दे, इथे मी जातो.

कागदावर घरातली माणसं लिहिली होती, चार. खाली तारीख होती, ती आज भरली. आत आता तिघीच होत्या. घरधनी दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर होता. कागद लागला त्याच दिवशी त्याला इस्पितळात नेलं आणि नवव्या दिवशी तो तिथूनच परस्पर गेला. बायको, लेक आणि म्हातारी आई दाराआड कोंडलेल्या होत्या. त्यांना कुणी बाहेर पडू दिलं नाही.

नगरसेवकाने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. निवडून येण्याआधी तो वायरमन होता आणि वॉर्डात अजूनही त्याला वायरमनच म्हणत. बल्ब गेला तरी त्याला फोन, गटार तुंबलं तरी त्यालाच. तो कुणालाच परत पाठवत नसे. 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर कधी बसलाच नव्हता. त्या जोरावरच तो निवडून आला होता.

खळ पक्की होती. तो खरवडत राहिला. दार जरासं उघडलं. ड्रायव्हरच्या बायकोने कोमट पाण्याचा मग उंबऱ्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली.

"ओलं करून काढा भाऊजी. रंग जाईल नाहीतर."

त्याने रुमाल बुडवला, कागदावर दाबून धरला. वाटेत येताना त्याने काय बोलायचं ते नीट जुळवलं होतं. आता त्यातलं काहीच आठवेना.

"वहिनी, मास्तरांच्या वेळी परवानगी मी दिली होती."

"माहीत आहे."

मास्तर म्हातारपणाने गेले होते, आजाराने नव्हे. अर्ध्या वॉर्डाला त्यांनी लिहायला शिकवलेलं. अंत्ययात्रेला नियम वीस माणसांचा होता, पण नगरसेवकाच्या फाटकापाशी माणसं जमली आणि हात जोडून उभी राहिली. साठाच्या वर माणूस मास्तरांना पोहोचवायला गेला. पंधरा दिवसांत अकरा घरांच्या दारांवर कागद लागले.

"चौकात पोलीस अडवत होता," तो म्हणाला. "मीच त्याला बाजूला घेतलं. म्हटलं मोजू नका, सगळी माझीच माणसं आहेत."

"तेही माहीत आहे. ह्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. कौतुकाने सांगितलं होतं."

कागदाचा एक कोपरा सुटला. आत म्हातारीने कूस बदलली, पलंग कुरकुरला.

"तुम्ही नाही म्हणायला हवं होतं, भाऊजी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "लोकांनी शिव्या घातल्या असत्या. ह्यांनीही घातल्या असत्या. घरात बसून चार दिवस तुमच्या नावाने बोटं मोडली असती. मी ऐकत बसले असते."

त्याला मान वर करवेना. माफी मागावी असं वाटलं, आणि मागितली तर ती देण्याचं ओझं तिच्यावरच पडेल, असंही वाटलं. त्याने रुमाल पुन्हा मगात बुडवला.

तेवढ्यात फोन वाजला. त्याने तो वाजू दिला.

"घ्या," ती म्हणाली. "कुणाची काय नड असेल."

मागच्या गल्लीतला इस्त्रीवाला होता. पहाटे त्याची आई गेली होती. चाळीस वर्षं ती प्रसूतिगृहात आया होती. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातांवर जगात आली. दाराशी पन्नास माणसं उभी आहेत, तो सांगत होता. नियम आता दहाचा झालाय म्हणतात. पण आईला हा आजार नव्हता, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. मग तो जरा थांबला आणि म्हणाला, मास्तरांना साठ माणसं चालली. माझी आई आया होती, म्हणून का?

नगरसेवकाने डोळे मिटले. ओला रुमाल मुठीत पिळला गेला.

"दहा माणसं," तो म्हणाला. "अकरावा आला तर गाडी निघणार नाही. मी चौकात उभा राहून मोजीन."

पलीकडून शिव्या सुरू झाल्या. आधी त्याला, मग त्याच्या खुर्चीला, मग त्याच्या आईबापाला. त्याने फोन कानापासून हलवला नाही. शिव्या संपल्या आणि इस्त्रीवाला रडू लागला, तेही त्याने ऐकलं. मग फोन तुटला.

तो पुन्हा दाराकडे वळला. उरलेला कागद ओलसर होऊन एका ओढीत निघाला. त्याने त्याची घडी केली, पण कुठे ठेवावी ते कळेना.

इस्त्रीवाल्याचा चढलेला आवाज फोनबाहेर येत होता, ड्रायव्हरच्या बायकोने सगळं ऐकलं होतं.

"आयाबाईंची लेक पुलापलीकडे दिलीये ना?"

"हो."

"दहा म्हटलं की दहाही पुरुषच होतात. तिला घ्या त्यांत," ती म्हणाली. "मला तर हे खिडकीतूनही दिसले नाहीत."

नगरसेवकाने तिथेच, उंबऱ्याबाहेर उभं राहून परत फोन लावला. इस्त्रीवाल्याने बऱ्याच वेळाने उचलला. त्याचा फक्त श्वास ऐकू येत होता.

"यादी करायला घेतली असशील," नगरसेवक म्हणाला. "पहिलं नाव बहिणीचं लिही."