राखीव सर्व्हर

काकांनी फोन पुन्हा उलटसुलट करून पाहिला आणि आतल्या दिशेला हाक दिली, "अगं, एक मिस्ड कॉल दे बरं."

काकूंनी स्वयंपाकघरातून दिला. टेबलावरचा फोन खणखणीत वाजला. म्हणजे फोनला काही झालं नव्हतं. कोणी करत नव्हतं, इतकंच.

"झालं समाधान?" काकू म्हणाल्या. "अहो, आज सोमवार. ग्रंथालयं बंद. आज कोण कशाला तुमची आठवण काढेल?"

शहरातल्या सगळ्या ग्रंथालयांचा कारभार एका संगणक यंत्रणेवर चालायचा. कोणतं पुस्तक कोणाकडे आहे, कधी परत यायचं आहे, सगळं तिच्यात. आणि ती यंत्रणा काका सांभाळत. सर्व्हरला सर्दी झाली की काका शिंकतात, असं ऑफिसात म्हणायचे. सुट्टी ही गोष्ट काकांना ऐकून माहीत होती. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये जवळजवळ प्रत्येक फोटोत त्यांचा एक हात कानाशी आहे.

आता त्याच मुलीला नववा महिना लागला होता. ती राहायची विमानाने जावं लागेल इतक्या लांब. आईबाबांनी दोघांनी येऊन तीन महिने राहावं, असा तिचा हट्ट होता. काकूंचं उद्याचं तिकीट होतं. काकांचं उत्तर एकच, "बघू."

या "बघू"चा अर्थ काकूंना लग्नापासून पाठ होता. त्यांनी एकटीची बॅग भरली, वाद घातला नाही. वाईट मात्र फार वाटलं. बाळाला आजोबा फोनमध्येच दिसणार, हे त्यांनी धरून टाकलं होतं. काल संध्याकाळीसुद्धा हे "एक काम उरलंय" म्हणून ऑफिसातून सगळ्यांच्या शेवटी निघाले. आणि आज रजा काढून फोनची राखण करत बसले होते.

"दाढी तरी करा," काकू म्हणाल्या. "आजारी माणसासारखे दिसताय."

"सामान सापडत नाहीये."

"तुम्हाला सर्व्हर सोडून काही सापडलंय का कधी? थांबा, मी बघते."

"राहू दे गं," काका घाईने म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला आणि ते दचकले. मुलीचं नाव दिसलं तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

"बाबा, येताय की नाही? एकदाचं सांगा."

"संध्याकाळी सांगतो."

"संध्याकाळी काय होणार आहे?"

"बघू."

काकूंनी फोन काढून घेतला. "तुझ्या बाबांशिवाय तिथं पान हलत नाही, बाई. आज कोणी विचारलं नाही, तर त्यांचा जीव खालीवर होतोय."

जेवताना काकांचं लक्ष नव्हतं. भाजीत मीठ घालायचं राहिलं होतं, तरी त्यांनी ती पुन्हा मागून घेतली.

"तुमच्या त्या कर्नलला वर्षभर शिकवलंत ना?" काकूंनी विचारलं. कर्नल म्हणजे काकांच्या हाताखालची मुख्य इंजिनिअर. आवाज कडक, म्हणून हे नाव.

"शिकवलं. तिनेही मला शिकवलं. ते एआय कसं वापरायचं ते तिच्याकडूनच कळलं. पण शिकणं वेगळं आणि अंगावर पडणं वेगळं. एआय चटकन उत्तर देतं. चुकीचं असलं तरी तितक्याच चटकन."

"तुमच्यापेक्षा बरं की. उत्तर देतं तरी."

चहाच्या वेळी फोन वाजला. कर्नल. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी स्पीकर लावला.

"काका, सकाळी मुख्य सर्व्हर बंद पडला. सुरूच होईना. आणि राखीव सर्व्हर भार उचलेना."

"आता?"

"आता दोन्ही चालू आहेत. उद्या ग्रंथालयं वेळेवर उघडतील."

काका हळूच खुर्चीत टेकले. "एआय काय म्हणालं?"

"दोन्ही सर्व्हर पुसा आणि बॅकअपवरून नव्याने उभे करा."

"मग?"

"आधी कॉपीवर करून पाहिलं. कालच्या सगळ्या नोंदी उडाल्या. मग त्याला बाजूला ठेवलं आणि आम्ही स्वतः लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, वाचत बसलो. राखीव सर्व्हरमध्ये मुख्य सर्व्हरचा पत्ताच चुकीचा भरलेला होता. तो नीट केल्यावर त्याने भार उचलला. मुख्य सर्व्हर मग निवांत दुरुस्त केला."

काकांचे डोळे भरून आले होते. आता मात्र मनाला लागलं, असं काकूंना वाटलं. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोनकडे वळून म्हणाल्या, "एवढं सगळं झालं, अन् यांना साधं विचारावंसं वाटलं नाही होय गं तुम्हाला?"

"विचारणारच होतो, काकू. पण सर्व्हर बंद करायची कमांड काकांच्याच लॉगिनवरून दिलेली होती. काल संध्याकाळी, आज सकाळची वेळ लावून. साहेबांच्या मंजुरीसकट."

"हे कधी दिसलं तुला?" काकांनी विचारलं.

"अगदी सुरुवातीला."

"मग फोन का नाही केलास?"

"तुम्ही मुद्दाम बंद केलंत, म्हणजे तुम्हाला फोन यायला नको असणार."

काका हसले. सकाळपासून पहिल्यांदाच. "शाबास. उद्यापासून तूच बघ सगळं," म्हणाले, आणि त्यांनी फोन बंद करून काकूंच्या हातात दिला.

"अगं, पलंगाखालची माझी बॅग ओढ जरा. दाढीचं सामान वरच आहे, तिकिटाखाली."