नेटवर्कच्या आधी

जपानमधल्या अकिताच्या एका वृद्धाश्रमात रात्री वीज जाऊन परत आली, पण खोल्यांमधल्या, नर्सला बोलवायच्या बेल मुक्याच राहिल्या. सकाळी ते लक्षात आल्यावर नर्स त्सुकुदाने संगणक दुरुस्त करणाऱ्या कुरोइवाला बोलावून घेतलं.

सर्व्हरवर बेलचा प्रोग्रॅम नेटवर्कच्या आधीच सुरू होऊन बंद पडला होता. नेटवर्क येईपर्यंत त्याने थांबावं, अशी एक ओळ लिहून कुरोइवाने सर्व्हर पुन्हा सुरू केला. तसं खोल्यांमधल्या बेलमध्ये रात्रभर अडकून पडलेल्या हाका पडद्यावर उमटू लागल्या. खोली सहा. खोली सहा. पुन्हा खोली सहा.

“झालं बघा सुरू, ताई,” तो हसून म्हणाला.

त्सुकुदाने पडद्यावरच्या सहा आकड्यावर बोट ठेवलं.



“सहामधल्या आजींच्या मुलाला मी आत्ताच फोनवर सांगितलं, की आई रात्री झोपेतच गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही.”