सुतकातली गाडी

भेटायला आलेल्या माणसांना आधी दिसले ते दोन पाय. गुरुबसप्पाचे. बाकीचा गुरुबसप्पा अंगणातल्या पिकअपखाली होता आणि तिथून पान्ह्याचे ठोके ऐकू येत होते. त्याच्या वडिलांना, चन्नबसप्पांना, काल दुपारीच शेतात समाधी दिली होती. आलेल्यांनी टोप्या सारख्या केल्या, घोंगडीवर टेकले आणि आता सांत्वन करायचं तरी कुणाचं, म्हणून एकमेकांकडे बघू लागले.

गाडी म्हातारी होती. चन्नबसप्पांनी घेतली तेव्हाही ती काही तरणी नव्हती. ओझं पेलणारे मागचे पाटे पार बसून गेले होते; चार पिंपं पाणी चढवलं की मागचं अंग जमिनीला टेकू बघायचं. डोंगरावरच्या लमाण तांड्याचा हापसा कोरडा पडल्यापासून या चार पिंपांवरच तांडा तगून होता. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, साहेब आले, पण सरकारी टँकर काही तो चढ चढेना. म्हणून चन्नबसप्पांनी मोडीतल्या ट्रकचे जाड पाटे आणून ठेवले होते, मोठी लोखंडी टाकी आणली होती. काम व्हायच्या आत ते अंथरुणाला खिळले. तापातही त्यांच्या तोंडी तांडाच होता. या सगळ्या गडबडीत वर पाण्याचा थेंब गेला नव्हता.

चुलते ईश्वरप्पा गाडीपाशी उकिडवे बसले. "बाप जाऊन एकच रात झाली. सुतकात कामून करायलास हे?"

"आपल्याला कुठलं सूतक, काका? गळ्यात लिंग हाय," गाडीखालून उत्तर आलं. "मठाचे स्वामी दरसाली हेच सांगतेत. तुमीच म्होरं बसून मान डोलावता."

स्वामी सांगायचे ते खरंच होतं. लिंग धारण केलेल्या माणसाला जन्माचं, मरणाचं कसलंच सूतक लागत नाही. पण गावात राहायचं तर गावासारखं वागावं, म्हणून ईश्वरप्पांच्या घराने कधीकाळी शेजाऱ्यांसारखे दहा दिवस पाळायला घेतले, आणि पाळता पाळता ते अंगवळणी पडलं. आता सोडायचं म्हटलं की गाव काय म्हणेल, हेच त्यांना आधी आठवायचं.

पाटे बसले. जॅक काढला तशी गाडी मागून चांगली ताठ उभी राहिली. टाकी चढवायला गुरुबसप्पाने कुणाला हाक मारली नाही. तो एकटाच तिच्याशी झोंबू लागला, तेव्हा घोंगडीवरची माणसं न राहवून उठली. बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे धक्काही त्यांनीच मारला. सुतकातल्या गाडीला आपण हात लावतोय, हे त्या भरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

इंजिन धडधडू लागलं, तेव्हा ईश्वरप्पांनी मघापासून पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. विहिरीचे मालक शेषेराव, त्यांनी सकाळीच निरोप धाडला होता. दहा दिवस त्यांच्या विहिरीवर यायचं नाही. पाणी धरून असलेली ती एकच विहीर उरली होती. सगळं गाव तिथलंच पाणी पीत होतं. गुरुबसप्पाचा हात गिअरवर तसाच राहिला. लोखंडाला तो कधी हार गेला नव्हता, पण शेषेरावांपुढे तोंड उघडणं त्याला कधी जमलं नव्हतं.

तेवढ्यात त्याची आई शिवम्मा घरातून बाहेर आली. कालच नवरा गेलेली बाई. तिनं आत कोपऱ्यात बसून राहावं, अशी सगळ्यांची समजूत. रडून डोळे सुजले होते, कपाळावर विभूती होती, पदर खोचलेला होता. ती गाडीत मुलाशेजारी बसली आणि दार ओढून घेतलं.

"चल. दुपारी लाइट जाती."

माणसंही गाडीमागे चालत निघाली. असा प्रसंग कोण सोडतो?

विहिरीवर शेषेराव पंपाच्या मोटारीच्या पेटीला पाठ लावून उभे होते. शिवम्माला बघून ते जरा चपापले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, चन्नबसप्पांचं दुःख मलाही आहे, दहा दिवसांनी हवं तेवढं पाणी न्या, पण सुतकाचा हात लागला तर विहीर बाटेल. शिवम्माने सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या बाजूने हात घालून पेटी उघडली आणि हिरवं बटण दाबलं. मोटार घुमली. टाकीवर चढलेल्या गुरुबसप्पाच्या हातातल्या पाइपातून पाणी धो-धो पडू लागलं.

"बाटवली की वो वहिनी," शेषेराव म्हणाले. "माझी विहीर बाटवली तुमी."

"मग बरंच झालं," शिवम्मा म्हणाली. "बाटलेलं पाणी तुमाला चालायचं न्हाई. गावालाबी न्हाई. आमाला सूतक न्हाई अन् तांड्याला तहान हाय. आजपासून समदं पाणी तांड्याचं. गुरुबस दिसभर खेपा करंल."

तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या घरची घागर याच विहिरीवर भरत होती. मघापासून शिवम्माकडे रोखलेल्या नजरा आता शेषेरावांकडे वळल्या होत्या.

शेषेरावांनी एकेकाचं तोंड पाहिलं. मग गाडीपाशी आले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. गुरुबसप्पाने पाइप खाली धरला. सगळ्या गावाला दिसेल असे शेषेराव ते पाणी प्याले. मिशा भिजल्या, सदरा भिजला.

"सावकाश प्या, भावजी," शिवम्मा म्हणाली. "टाकी लई मोठी हाय."