रेंजबाहेर

सहलीच्या आठव्या दिवशीही मनोहरने सकाळीच गाडीला राहायची कॅरॅव्हॅन जोडली. ऑस्ट्रेलियाच्या त्या ओसाड किनाऱ्यावर माणूस दिसत नव्हता, फोनला रेंज नव्हती. तरी तो कुठे थांबायला तयार नव्हता.

नकाशा पाहताना शैलजाच्या लक्षात आलं, की नवरा प्रत्येक गाव मुद्दाम टाळतोय.

"अहो, माझ्या तपासणीचा रिपोर्ट आला असेल. गावाकडे घ्या."

"उद्या बघू."

"उद्या उद्या करत किती पळणार? मला झोप लागत नाही हो."

त्याने गाडी वळवली. गाव दिसू लागलं आणि तिचा फोन वाजला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कॅन्सर आहे. सोमवारी दाखल व्हायचंय."

 त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली.

"सरका पलीकडे," ती म्हणाली. "मी चालवते."