धुळीतलं औक्षण

निंबोल्याजवळ सडकेच्या कडेला बैलांची दमणी थांबली आणि कडूनं पुतण्या मधुकरचा पहिला नंबर, दौड संपायच्या आधीच, पुन्हा एकदा जाहीर केला. दापोऱ्याच्या चावडीवर तो जाहीर झाला होता, वाटेत भेटेल त्याला सांगून झाला होता. आता ऐकायला भाऊ, भावजय आणि दोन बैल होते. बैलांनी निदान माना तरी हलवल्या.

दौड जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबानं ठेवली होती. लालबागहून निघायचं, असीरगडाच्या पायथ्याला शिवायचं आणि परत लालबाग गाठायचं. मधुकर एवढं लांब जन्मात धावला नव्हता. त्याचं नाव परस्पर कडूनंच देऊन टाकलं होतं. पोरगा पहिला आला तर श्रेय कुणाचं, हे कडूनं ठरवलेलं होतं. मागच्या पावसाळ्यात छाती भरून महिनाभर खोकत पडलेल्या त्या पोराला काही झालं, तर दोष कुणाचा, हे त्याच्या आईनं, भागाबाईनं, ठरवलेलं होतं. सकाळपासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता आणि ती दिराशी एक अक्षर बोलली नव्हती.

गडाकडून एक बैलगाडी आली. आत पेंढ्यावर दोन गडी आडवे, वाटेत कोसळलेले. एकाच्या तोंडावर ओलं फडकं होतं. भागाबाई चाकाच्या बरोबरीनं चालत गेली, फडकं उचलून पाहिलं, परत नीट टाकलं.

"नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी म्हटलं होतं ना?" कडू म्हणाला. "आपला गडी असा गाडीत येणारा नाही!"

"तुम्ही गप राहा, भाऊजी."

कडूनं उरलेलं बैलांना सांगितलं.

मग साहेबाची मोटार सडकभर धूळ उठवून गेली, आणि त्या धुळीतून पहिला गडी निघाला. बनियन, आखूड चड्डी, आणि डोक्यापासून पायापर्यंत मातीचा एकच रंग.

"आला! आपलाच आला!" कडू ओरडला.

लोटूनं, म्हणजे मधुकरच्या बापानं, वाऱ्याला उपरणं आडवं धरलं. भागाबाईनं निरांजन लावलं आणि ताट घेऊन ती सडकेच्या मधोमध गेली.

"थांब रे माह्या बापा!"

गडी थांबला. ओवाळायला उभ्या राहिलेल्या बाईला वळसा घालून जाणारा माणूस त्या मुलखात अजून जन्मायचा होता. भागाबाईनं त्याला कुंकू लावलं, पदरानं तोंड पुसलं, आणि मातीखालून ही भरघोस मिशी निघाली. मधुकरला अजून नीट मिसरूडही फुटलं नव्हतं.

"माताजी," मिशीवाला हात जोडून म्हणाला, "मैं तो खंडवे का सिपाही हूँ."

कडूच्या चेहऱ्यावर आधी शरम आली. तिच्या पाठोपाठ हिशेब आला.

"असू दे, असू दे! वैनी, सुरू केलेलं अर्धं टाकू नका, अपशकुन असतो. सावकाश होऊ द्या. तांदूळ लावा. गूळ द्या. घरी कोण कोण असतं, विचारा त्याले."

"कडू!" लोटू म्हणाला. इतकंच म्हणाला.

"माताजी, पीछेवाला आ रहा है..."

पीछेवाला आला. तो मधुकर होता.

"पळ! पळ लेका, वाट मोकळी आहे!" कडू दमणीवर चढून दोन्ही हात हलवायला लागला.

मधुकरनं चुलत्याकडे पाहिलं, आईच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, आणि येऊन तो शिपायाच्या शेजारी उभा राहिला.

"मायच्या समोरून तसाच जाऊ का, काका?"

भागाबाईनं त्याला कुंकू लावलं आणि ताट धरून ती नुसतीच उभी राहिली. ओवाळेना. तिची नजर त्याच्या छातीवर होती. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती.

"आटपा, वैनी, आटपा आता!" मघाशी सावकाश म्हणणारा कडू म्हणाला.

"माय, ओवाळ ना."

"थांब."

तिनं मान जराशी तिरकी केली होती, भिंतीपलीकडचं काही ऐकावं तशी. मग शिपायाकडे वळून म्हणाली, "सरक रे बापा, याच्याजवळ." दोघांना खांद्याला खांदा लावून उभं केलं, एकाच फेरीत दोघांना ओवाळलं, दोघांच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि ताट बाजूला घेतलं.

"पळा."

दोघे एकदमच सुटले. वळणापर्यंत त्यांची धूळ एकच दिसत होती.

कडू दमणीवरून खाली उतरला. "पहिला नंबर चालून आला होता. तुम्ही तो ओवाळून टाकला, वैनी. आता कोण पुढं निघतो, देव जाणे."

"खोकला आला नाही," भागाबाई म्हणाली.

"काय?"

"इतका वेळ उभा केला त्याले. एकदाही खोकलला नाही."

कडूनं पागोटं काढून कपाळ पुसलं. नुसता उभा राहूनही माणसाला केवढा घाम आला होता.

भागाबाईनं दिवा शांत केला. मग ती दमणीला टेकून खाली बसली, शिदोरीचं फडकं सोडलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी काढून तिच्यावर ठेचा घेतला, आणि नवऱ्याला न विचारता, दिराला न वाढता, पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

लोटू बघत राहिला. मग त्यानं पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला.