घरचा केक

गाडी थांबली तशी माधुरी पिठाच्या हातांनीच बाहेर धावली. कोल्हारच्या हमरस्त्यावर त्यांचं घरचंच हॉटेल आणि बेकरी. नवरा रंगनाथ पुढं जेवणाची ताटं सांभाळायचा, ती मागं ओव्हन. शिर्डीहून परतणारी माणसं पिठलं-भाकरी खाऊन वर चीजकेक मागतात, असं अजब दुकान त्या रस्त्यावर हे एकच.

गाडीचं मागचं दार काही उघडलं नाही. पुढून ड्रायव्हर तेवढा उतरला.

“मी कानिफनाथ, मावशी. पंकजाताईंनी केक न्यायला पाठवलंय.”

“आन् ती कुठंय?”

“शिर्डीला, दर्शनाच्या रांगेत. सासू-सासरे हायेत ना संगं. तिथनं थेट विमानतळ.”

माधुरीनं तरीही मागच्या सीटवर वाकून बघितलं. लग्न होऊन हैदराबादला गेल्यापासून लेक पंकजा एकदाही घरी आली नव्हती. काल फोनवर म्हणाली, जाता जाता येते. तेवढ्यावर ही बाई हवेत!

हवेत म्हणजे किती, तर काल तिनं मुद्दाम एक केक बिघडवला. चीजकेक भाजत असताना ओव्हनचं दार मध्येच उघडलं की त्याला तडा जातो. आणि तडा गेलेला केक विकायचा नाही, घरच्यांनी एकत्र बसून खायचा, असा या घरचा नियम. लहानपणी पंकजा ओव्हनसमोर हात जोडून बसायची, देवा, आज फुटू दे. पुढं माधुरीचा हात असा बसला की केक फुटेनाच. म्हणून काल तिनं दार उघडलं. धंद्याच्या हिशेबानं शुद्ध वेडेपणा. तडा मात्र झकास गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तोच केक ती खोक्यात घालायला लागली. लेक येत नाही तर निदान केक तरी जाऊ दे. कानिफनाथ चुळबुळला.

“मावशी, फुटका नको म्हनल्यात ताई. घरी पाव्हणे यायचेत, त्यांच्यापुढं ठेवायचाय.”

“कधी म्हणाली?”

“सकाळीच. तू एकटाच जाऊन आन, म्हनल्या.”

सकाळीच. इतका वेळ माधुरी मनातल्या मनात त्या रांगेला दोष देत होती. आता तिला रागसुद्धा आला नाही. रिकाम्या टेबलांमध्ये उभं राहून नुसतं फार एकटं वाटलं. तिनं फ्रीजमधला अखंड केक काढला, नीट बांधला आणि सांभाळून न्यायला सांगितलं.

गाडी गेली आणि थोड्याच वेळात रस्त्यावर ओळखीची स्कूटर वाजली. लेकीला आवडतात म्हणून रंगनाथ राहात्याला पेरू आणायला गेला होता. माधुरीनं घाईघाईनं फुटक्या केकचा एक तुकडा कापला आणि उभ्या उभ्याच कसाबसा गिळला. बशी टेबलावर ठेवली, चमचा त्यात टाकला, खुर्ची जराशी मागं ओढली.

“आली न्हाई व्हय अजून?” रंगनाथनं दारातूनच विचारलं.

“येऊन गेली की. इमानाची घाई हुती. तुमची लई वाट बघितली तिनं.”

“केक खाल्ला का?”

“खाल्ला ना. ही काय बशी.”

रंगनाथनं बशीकडं बघितलं. मग बायकोकडं. तिच्या ओठाच्या कडेला केकच्या तळातल्या बिस्किटाचा चुरा चिकटला होता.

“बरं झालं,” तो म्हणाला. “तुझी तरी गाठ पडली.”

मग पेरू स्कूटरलाच राहिले म्हणत तो बाहेर गेला. बराच वेळ आत आला नाही.